जेठाला आऊट कसं करायचं

८ डिसेंबर, रविवार

आज नऊ जण माझ्या पाया पडले. होम प्लेटवर, म्हणजे फलंदाज उभा राहतो तिथेच! एकामागोमाग एक, बॅट काखेत धरून. मी मुख्य पंच आहे, देवीचं ठाणं नव्हे. तिसऱ्याला म्हटलं, ऊठ, आधी बुटाची नाडी बांध. तो म्हणाला, आशीर्वाद द्या बाई. दिला. त्याचा संघ दणकून हरला. माझ्या आशीर्वादाची किंमत सगळ्यांना एकदाच कळली, बरं झालं.

जळगाव-धुळे हौशी बेसबॉल स्पर्धा. वय तिशीच्या पुढे, प्रत्येक संघात निदान दोन बायका, दर रविवारी सामने. केळीचे व्यापारी, एसटीचे कंडक्टर, मास्तर, एक दातांचा डॉक्टर. मी उभं आयुष्य शाळेत मुलींना खेळ शिकवले. निवृत्त झाले तेव्हा पंचाची टोपी कपाटात टाकली होती. मग आयोजक प्रेमराज दारात येऊन बसला. त्याचं पाइप आणि मोटारींचं दुकान आहे, आणि पोटही त्या धंद्याला शोभेल असं. "हेमलताबाई, तुमच्याशिवाय यांना कुणी आवरणार नाही." मी फुगले आणि हो म्हणाले.

आवरतंय कोण! कहर झुलालने केला. चोपड्याचा हा गडी, सोपा झेल, चेंडू थेट हातात — आणि सोडला. का? तर फलंदाज त्याचा जावई. म्हणे, जावयाला आऊट करून परत पाठवायचं बरं दिसत नाही. आणि त्याच्या संघातले लोक चिडले का? नाही. माना डोलावल्या. एकाने तर त्याच्या पाठीवर थाप मारली.

९ डिसेंबर, सोमवार

नियम लिहायला बसले. बेसबॉलचे नियम जगभर आहेत, पण त्यात खानदेशाचा विचार केलेला नाही. पंचाच्या पाया पडू नये. बाकावर शेवभाजी खाऊ नये, चेंडूला रस्सा लागतो. तोंडात तंबाखू ठेवून निर्णयावर हुज्जत घालू नये. खरं तर तोंड रिकामं करूनही घालू नये. मैदानात भाऊ, आबा, नाना नाही. पाठीवरच्या नंबराने हाक मारायची.

असे दहा झाले. आणि अकरावा, खास झुलालसाठी: नात्याखातर किंवा कशाही खातर मुद्दाम खेळ सोडला, तर पहिल्यांदा ताकीद. दुसऱ्यांदा उरलेल्या मोसमातून बाहेर.

प्रेमराज वाचून म्हणाला, शेवटचा जरा कडक होतोय बाई. मी म्हटलं, बाकीचे नरम आहेत असं तुला कुणी सांगितलं?

१५ डिसेंबर, रविवार

नंबराचा नियम लागू. "सात नंबर आबा, फेका!" "फेकतो बारा नंबर नाना!"

हरले मी.

२२ डिसेंबर, रविवार

थंडी. पाया कुणी पडलं नाही. लांबून नमस्कार करून गेले, जसं काही मला देवी आल्या आहेत.

आज एक मुलगी डोळ्यांत भरली. मुलगी कसली, चौतिशीची बाई. सारिका, जळगाव संघाची कॅचर. प्लेटमागे बसते आणि बसल्या जागेवरून दुसऱ्या बेसला असा चेंडू फेकते की धावणारा अर्ध्या वाटेत हताश होतो. माहेर धुळ्याचं, लग्नाआधी विद्यापीठाकडून खेळलेली. आता जळगावात रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करते आणि असोद्याहून रोज ये-जा. मधली सगळी वर्षं ग्लोव्ह माळ्यावर होता म्हणाली. मैदानावर तिचा आवाज तारस्वरात. डावीकडे सरक! मागे हो! पुरुषांना असं हाकलते की मला माझे दिवस आठवले.

२९ डिसेंबर, रविवार

मला इतका राग आला आहे की पेन कागदातून आरपार जातंय.

जळगाव विरुद्ध असोदा. असोद्याचा कप्तान सुकदेव, केळीचा बागायतदार, पंचेचाळिशीचा, धिप्पाड, वागायला सज्जन. हा सारिकाचा जेठ, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. एकाच घरात राहतात: सासू प्रमिलाबाई, हा थोरला, आणि धाकटा नवल, म्हणजे सारिकाचा नवरा. नवल आज दोन्ही बाकांच्या बरोबर मध्ये खुर्ची टाकून बसला होता आणि कुणाचीही धाव झाली की टाळ्या वाजवत होता. संसारी माणूस.

तर, सुकदेव तिसऱ्या बेसवरून घराकडे, म्हणजे प्लेटकडे सुटला. तिथे पाय पडला की धाव. चेंडू त्याच्या कितीतरी आधी सारिकाच्या ग्लोव्हमध्ये. आता फक्त तो ग्लोव्ह त्याला टेकवायचा. यालाच टॅग म्हणतात, आणि तो केला की माणूस आऊट. शाळेतल्या पोरीला जमतं. आणि सारिका दोन पावलं मागे सरली! हात डोक्याकडे गेला, हेल्मेटवरून पदर ओढावा तसा. सुकदेवही मान खाली घालून प्लेटवरून गेला. दोघं एकमेकांना वाट देत होते, लग्नाच्या पंगतीत देतात तशी.

धाव झाली. प्रेक्षकांत कुणी हू की चू केलं नाही. जेठाला हात लावायचा नाही, त्याच्यासमोर डोकं उघडं ठेवायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही. हे सगळ्यांना इतकं पाठ की आऊट राहिला हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. माझ्या आलं.

सारिकाला अकराव्या नियमाची ताकीद दिली. पुन्हा केलंस तर मोसम संपला तुझा. ती म्हणाली, "हो बाई." बाकी काही नाही.

३० डिसेंबर, सोमवार

राग शिळा झालेला नाही.

कॉन्व्हेंटात आमच्या सिस्टर झगा गुडघ्यापर्यंत उचलून राउंडर्स खेळायच्या. चेंडू लागला तर बिशपलासुद्धा बाद दिलं असतं. आणि इथे शिकलेली, कमावती बाई जेठ दिसला की विरघळते. मी हिला सोडवणार. हिला यातून बाहेर काढल्याशिवाय टोपी उतरवणार नाही.

२ जानेवारी, गुरुवार

सकाळी दारात सुकदेव. हातात भरताच्या वांग्यांची पिशवी. मी म्हटलं, पंचाला भेट चालत नाही. तो म्हणाला, भेट नाही, शेतातली आहेत. जणू शेतातली वस्तू भेट होऊच शकत नाही.

बसला खुर्चीच्या कडेवर. खूप वेळ थंडीबद्दल बोलला, मग केळीबद्दल, मग मुद्द्यावर आला. अंतिम सामन्यात पुन्हा गाठ पडली तर? मी तिसऱ्या बेसवर पोचलो की माझ्याऐवजी दुसरा पळू द्याल का? म्हटलं, हो, पण मग तुम्ही त्या सामन्यातून बाहेर, आणि तुमच्याकडे बदली गडी आहे कुठे? नाही, म्हणाला. सारिकाला मागे, लांब मैदानात उभं करता येईल का? म्हटलं, तिच्यासारखी दुसरी कॅचर या दोन जिल्ह्यांत नाही. तो हसला. हे त्याला माहीत होतं.

म्हटलं, सरळ उपाय आहे. तिला टॅग करू द्या. तो म्हणाला, तिला अवघड जाईल बाई. गावचे सगळे बघायला येणार. उद्या विहिरीवर, लग्नात, कुठेही तिलाच ऐकावं लागेल, मला कोण बोलतंय. आणि नाही केलं तर तुम्ही काढणार.

मग जाता जाता, पायरीवर उभा राहून, माझ्याकडे न बघता अहिराणीत म्हणाला: "बारा वरीस घरमा शे, मी तिना आवाज ऐकेल नव्हता. मैदानमा वरडनी तवय समजनं, हिले आवाज शे. तिले काढू नका, बाई."

पिशवी परत दिली. म्हणजे पिशवी परत दिली. वांगी त्याने आधीच पायरीवर ओतली होती. भरत केलं. कांद्याची पात घालून. पंचाने उपाशी राहावं असा काही नियम नाही.

५ जानेवारी, रविवार

दोघंही उपांत्य सामना जिंकले. जळगाव आरामात, असोदा घासून. अंतिम सामना एकोणीसला, धुळ्यात. व्हायचं तेच झालं.

८ जानेवारी, बुधवार

जळगावच्या सरावाला गेले. सारिकाला बाकावर बसवून नीट समजावलं. ग्लोव्ह म्हणजे हात नव्हे, चामडं आहे. मैदानावर जेठ नसतो, धावणारा असतो. तू घाबरू नकोस, मी आहे. बरीच बोलले, चांगलंही बोलले असं मला वाटतं. तिने सगळं ऐकलं. बुटावरची माती काडीने काढत होती. "हो बाई."

बिचारी. गप्प आहे म्हणजे आतून हादरली आहे, मला कळतं.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. प्रेमराज तिळगूळ घेऊन आला आणि अकरावा नियम फक्त अंतिम सामन्यापुरता झाकून ठेवा म्हणाला. तिळगूळ ठेवून घेतला. त्याला हाकलला.

१९ जानेवारी, रविवार

धुळ्याहून आत्ताच आले. पाय सुजलेत, पण हे आजच लिहायचं.

असोद्याहून दोन ट्रॅक्टर आणि एक टेम्पो भरून माणसं आली होती. बायका एका बाजूला, शेंगा सोलत. नवल आज खुर्चीही आणायला विसरला होता, उभाच. शेवटचा डाव. जळगाव एका धावेने पुढे. असोद्याचे दोन आऊट, तिसरा झाला की डाव संपला. आणि तिसऱ्या बेसवर कोण? अर्थात. मी प्लेटमागे वाकले तेव्हा सारिका माझ्यापुढे बसली होती. तिचा श्वास ऐकू येत होता. वाटलं, देवा, चेंडू दुसरीकडे कुठेतरी जाऊ दे. पंचाने असलं काही मागायचं नसतं.

फटका सरपटत दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या गड्याकडे गेला. सुकदेव सुटला होता. चेंडू घराकडे आला, सारिकाच्या ग्लोव्हमध्ये धप्प. ती उठली, वळली, प्लेटच्या अलीकडे उभी राहिली. यावेळी मागे सरली नाही. हात डोक्याकडेही गेला नाही. सुकदेव समोरून येतोय, आणि बायकांनी शेंगा सोलायच्या थांबवल्या.

आणि तो वळला. चांगला पाच पावलं आधी बाहेर वळला, देवळाला प्रदक्षिणा घालावी तसा मोठा फेरा घेऊन, तिच्यापासून लांबून, स्वतःच्या बाकाला जवळजवळ घासून. धावणाऱ्याने टॅग चुकवायला आपल्या रेषेपासून तीन फुटांबाहेर जायचं नाही. गेला की आऊट. कुणी हात लावायची गरज नाही. हा नियम माझा नाही, जगाचा आहे. आणि सुकदेवला तो माहीत होता.

मी मूठ वर केली. सामना संपला. जळगाव जिंकलं.

असोद्याचे लोक क्षणभर बघत राहिले. मग त्यांना उमजलं आणि टाळ्या सुरू झाल्या — हरलेल्यांच्या! सुकदेव माझ्याजवळ आला, धापा टाकत. "आऊट शे बाई. बराबर शे." मी त्याच्याकडे बघितलं आणि टोपी उतरवली. माझ्यावर अशी वेळ क्वचित येते. माणसाने करंडक सोडला, भावजयीला ना गावाचं ऐकावं लागलं, ना माझं.

बक्षीस समारंभात प्रेमराजने जळगावला करंडक दिला आणि हार सुकदेवच्या गळ्यात घातला. बायकांनी त्याच्याकडे बोट दाखवून पोरांना सांगितलं, माणूस असा असावा. मुद्दाम खेळ सोडला म्हणून अकराव्या नियमाची ताकीद आता त्याला द्यायला हवी होती. दिली नाही. अहवालात लिहिलं, धावण्याची रेषा चुकली. आयुष्यात पहिल्यांदा अहवालात काहीतरी गोड लिहिलं, आणि वाईट वाटत नाहीये.

सारिका एका बाजूला गुडघ्याचे पट्टे सोडत बसली होती. जवळ जाऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, सुटलीस बाई.

तिने वर बघितलं नाही. दमली असेल.

२१ जानेवारी, मंगळवार

लॅबमधून सुटल्यावर सारिका आली. चहा नको म्हणाली, बसलीही नाही. सुकदेवभाऊंना ताकीद का दिली नाही, असं विचारलं. म्हटलं, अगं, त्याने तुझ्यासाठीच तर — तिने मला पुरं बोलू दिलं नाही. डिसेंबरातल्या त्या सामन्यापासून रोज संध्याकाळी, सुकदेव केळीच्या गाड्या भरायला गेला की, ती अंगणात टॅगचा सराव करत होती. पळायला कोण? सासू. प्रमिलाबाई पदर खोचून गोठ्याकडून तुळशीकडे धावायच्या आणि म्हणायच्या, जोरमा लाव, तो जाड शे.

म्हटलं, म्हणजे तू खरंच त्याला टॅग करणार होतीस?

"नाही तर काय, ओवाळणार होते?"

मग दारापर्यंत गेली, आणि तिथून म्हणाली, "भाऊंनी ठरवलं, तुम्ही ठरवलं, गावाने हार घातला. मला कुणी विचारलंच नाही. बाई, तो आऊट माझा होता."