इस्त्रीची दहा मिनिटं

अण्णा, आज माळा आवरताना तुमची लाकडी पेटी खाली काढली. झाकणाचे स्क्रू गंजलेत, आतला कापूस पिवळा पडलाय, पण तांब्याच्या डब्याभोवती तुम्ही गुंडाळलेली तापायची तार वेढ्याला वेढा लागून अजून तशीच बसलीय. तुम्हाला जाऊन एकतीस वर्षं झाली. एवढ्या काळात मी ही पेटी तीन घरांतून हलवली आणि एकदाही उघडली नाही. उघडली असती तर तुम्हाला हे सांगावं लागलं असतं.

पिंपरीतल्या आपल्या दोन खोल्यांत या पेटीला पाहुण्यापेक्षा जास्त मान होता. तुम्ही कंपनीत मीटर दुरुस्तीच्या टेबलावर, शिक्षण सातवी. पण रविवारी तुमच्यासारखेच तीन वेडे जमायचे आणि पुण्याच्या जुन्या बाजारात लष्करी भंगारातून मिळालेले स्फटिक चहाच्या बशीत ठेवून न्याहाळत बसायचे. नखाएवढी ती चकती विजेवर थरथरते, आणि तिला एकसारखी ऊब दिली, महिनोन्‌महिने बंद केली नाही, तर ती थरथर इतकी स्थिर होते की तिच्यावरून दुसरी यंत्रं तपासावीत, हे तुम्हीच मला शिकवलंत. आई शेजारणींना सांगायची, "आमच्या ह्यांनी पेटीत कोंबडी बसवलीया. उठवायची न्हाई म्हंत्यात." तुम्हीही हसायचात, पण लाईट गेली तरी पेटी चालावी म्हणून जोडलेल्या बॅटरीतलं पाणी रोज बघायचात. सकाळी सहाला रेडिओवर दिल्लीहून येणारा वेळेचा सिग्नल लावायचा, त्यात पेटीचा सूर मिसळायचा, दोन सुरांत फरक असला की आवाज हेलकावे घेतो ते मोजायचे आणि आलेखाच्या कागदावर एक ठिपका द्यायचा. आठ महिन्यांत त्या ठिपक्यांची रेघ जवळजवळ सपाट झाली होती. साहेबांनी शब्द दिला होता, आणखी महिनाभर अशीच राहिली तर पेटी घेऊन या, तपासणीच्या खोलीत तुमची बदली करतो. त्या खोलीत फक्त डिप्लोमावाले बसायचे. साहेबांचं ते वाक्य तुम्ही घरी इतक्यांदा सांगितलंत की शेवटी आईने हात जोडले.

मग तो गुरुवार. संध्याकाळी मला बघायला चाकणकडचे लोक येणार आहेत. सकाळचे सहा वाजलेत, तुम्ही रेडिओला कान लावून बसलाय, मी शेजारी उभी आहे. "अण्णा, मला आत्ता लग्न नाही करायचं. कॉलेज पुरं करू द्या," एवढंच बोलायला मी आठवडाभर धीर गोळा केलाय. मी ‘अण्णा’ म्हणते तोच तुम्ही बोट वर करता. "थांब पोरी, मोजतोय." मी थांबते. तुम्ही मोजता, ठिपका देता, जेवणाचा डबा उचलता. बॅटरी चार्जिंगला द्यायची म्हणून ती सायकलला बांधता आणि दारातून सांगता, "आज बॅटरी न्हाई. पेटीच्या बटणाला कुणी हात लावू नका." मी काय म्हणत होते ते तुम्ही विचारलं नाहीत. दुपारी मला साडीला इस्त्री करायची होती. बाहेरच्या खोलीत प्लग एकच, तो पेटीचा. मी तो काढला, दहा मिनिटं इस्त्री फिरवली आणि परत लावला. पेटीचा तापायचा लाल दिवा लागला तो तुम्ही यायच्या आत विझलाही.

पाहुणे पोहे खाऊन गेले. चार दिवसांनी नकार आला, मुलगी फार शिकलेली म्हणून. पण त्याआधी, दुसऱ्याच सकाळी, तुमचा ठिपका रेघ सोडून खाली पडला. तुम्ही तीनदा मोजलंत. मग आमच्याकडे वळून विचारलंत, "काल दिवसा लाईट गेलती का?" आई म्हणाली, "मी नळावर व्हते." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी म्हणाले, "नाही."

तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात, हे मला आजही सोसत नाही. एकदा गार होऊन पुन्हा तापलेला स्फटिक लगेच पहिल्या जागी येत नाही, हे तुम्हाला पाठ होतं. मी खरं बोलले असते तर तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नसतात, साहेबांकडून मुदत वाढवून घेतली असतीत आणि रेघ पुन्हा सपाट व्हायची वाट बघितली असतीत. त्याऐवजी तुम्ही आपलीच चूक शोधायला बसलात. एकेक जोड सोडवून पुन्हा डाग दिलात. काहीच सापडेना तेव्हा स्फटिकाची बंद डबी उघडलीत, जी कधी उघडू नये म्हणून मित्रांना बजावायचात तीच. चिमट्यात चकतीचा कोपरा उडाला. रविवारी मित्रांनी दुसरा स्फटिक देऊ केला, तेव्हा तुम्ही मान हलवलीत. "यंत्र लबाड नव्हतं, राव. माझा हातच आता भरवशाचा न्हाई." पेटी माळ्यावर गेली. साहेबांकडे तुम्ही गेलाच नाहीत. त्याच टेबलावरून निवृत्त झालात, आणि तोवर आपण दुरुस्त केलेलं प्रत्येक मीटर शेजारच्याकडून तपासून घेत राहिलात. इतका देखणा हात असलेला माणूस, अण्णा.

कॉलेज तुम्ही पुरं करू दिलंत. पुढे महाळुंग्याच्या एका कारखान्यात मी तपासणीच्या खोलीतच नोकरी केली, जिथे तुम्हाला बसायचं होतं तशाच खोलीत. नव्या मुलींना पहिल्या दिवशी सांगायचे, उपकरण चुकून बंद झालं तर वहीत लिहा, कुणी रागावणार नाही. लपवलंत तर पुढचा माणूस स्वतःला दोष देत बसेल. त्या माना डोलवायच्या. हे बाईंना कुठून सुचलं, असं कुणी कधी विचारलं नाही.

हे पत्र कुठे टाकायचा प्रश्नच नाही. पेटीतल्या तुमच्या आलेखाच्या घडीत ठेवते आणि पेटी पुन्हा वर चढवते. इतकी वर्षं मनाशी हेच म्हणत आले, आणि वर लिहितानाही तेच लिहून गेले, की बाहेरच्या खोलीत प्लग एकच होता. ते खोटं नाही. पण आपल्याकडे इस्त्री नेहमी स्वयंपाकघरात व्हायची, अण्णा. तिथला प्लग त्या दुपारी रिकामाच होता.