आईचं माप

ती. ताईस,

गुडघे देतील तेवढं वाकून नमस्कार. (पूर्ण वाकलो असं समज. वाकल्यावर परत सरळ होण्याची हमी नसल्यामुळे हल्ली मी सगळ्यांचे नमस्कार अर्ध्यावरच उरकतो.) तुझा खांदा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेला शेक घेतेस की शेकाची पिशवी नुसती उशाला ठेवून झोपतेस? आम्ही सगळे ठीक. माझं शिलाई मशीन तेवढं कुरकुरतंय, पण घरात सगळेच कुरकुरतात, त्यामुळे त्याला एकट्याला काय बोलायचं.

तर तू सांगितल्याप्रमाणे काल तुझ्या लेकीचं प्रदर्शन बघून आलो. तुझ्या शेजारणीनं येऊन तुझ्या कानात घातलं की, 'तुमच्या मुलीनं भर प्रदर्शनात तुमचं माप काढलंय, तेही भिंतीवर लिहून', आणि तू आव बघितला ना ताव, लेकीला फोन लावून 'यापुढं मला आई म्हणू नकोस' असं ऐकवून फोन आपटलास. खरं-खोटं करायला माझी नेमणूक झाली, कारण मी शिंपी. आता आमच्या धंद्यात माप घेतात, काढत नाहीत. माप काढतात ते भांडणात. त्यामुळे मीही घरून निघालो तो भाचीला चार शब्द सुनवायच्या तयारीनंच.

दारातच रखवालदारानं चपला काढायला लावल्या. आत बघतो तर फरशीभर माती. घरात माती येऊ नये म्हणून चपला काढतात हे ठाऊक होतं, पण इथं मातीला चपला लागू नयेत म्हणून काढायच्या होत्या. मी पाय स्वच्छ पुसले आणि मग मातीत घातले. भिंतीलगत काचेच्या बरण्या, त्यांत काळी, तांबडी, पिवळट माती, आणि वर चिठ्ठ्या: 'वीतभर जमीन', 'दीड वीत जमीन'. मला वाटलं, विकायला असेल. एका बाईंना भाव विचारला तर त्यांनी माझ्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं की पुढच्या बरण्या मी हात मागे बांधून बघितल्या. तुझ्याबद्दल वाकडं काही दिसलं नाही. बरणीच्या बुडाशी लिहिलं असेल म्हणून दोन बरण्या उलट्या मात्र केल्या. (त्या मी परत होत्या तशा लावल्या आहेत. जवळजवळ.)

दुसऱ्या खोलीत अंधार. छताला काळंभोर कापड ताणलेलं, पन्हा मोठा, वीण घट्ट, आणि एवढ्या चांगल्या कापडाला कसर लागल्यासारखी भोकंच भोकं. त्यांतून उजेड येत होता. एक चष्मेवाले गृहस्थ वर बघत उभे होते. मी हळूच विचारलं, पुढच्या खोलीत आता जायचं का? ते वर बघतच म्हणाले, "अवकाश आहे." म्हटलं, अवकाश आहे तर आहे, आणि खाली बसलो. बराच वेळ गेला. मध्ये डुलकीही लागली असावी. जागा झालो तर गृहस्थ नाहीसे, आणि माझ्याभोवती चारपाच मंडळी मला निरखत होती. मीही प्रदर्शनातलाच आहे अशी त्यांची समजूत झाली होती, आणि मला उठावं की तसंच राहावं हे खरंच कळेना.

तिसऱ्या खोलीत मात्र ते सापडलं. समोरच्या भिंतीवर हातहातभर अक्षरांत: 'पृथ्वीचा घेर, आईच्या मापाने'. आणि त्याच्याखाली एक आकडा, तो या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. भाची लोकांत उभी होती, तिथंच आवाज चढवला. म्हटलं, लाज वाटत नाही? तुझ्या आईचे कपडे मी शिवतो, तिचा घेर मला पाठ आहे, आणि तो या आकड्याच्या आसपासही नाही! (किती ते बोललो नाही. धंद्यात तेवढी गुप्तता पाळावी लागते. फक्त दोन्ही हातांनी अंदाज दाखवला. लोकांनी माना डोलावल्या.)

भाची आधी हसली, मग तिचे डोळे भरले. "मामा, घेर आईचा नाही, पृथ्वीचा," म्हणाली, "वीत आईची." आणि तिनं पंजा ताणून दाखवला. आठवतं ना, तुझ्या घरात मोजपट्टी कधी नव्हतीच? पडदा वितीनं, स्वेटर वितीनं, कपाटाला पाठ लावून पोरीची उंचीही वितीनंच. तर या बयेनं अख्खं जग तुझ्या वितीनं मोजलंय. मातीचे थर, समुद्राची खोली, चंद्रापर्यंतचं अंतर, सगळं 'आईच्या इतक्या विती' असं. इतकंच तिनं शेजारणीला सांगितलं होतं की मी आईचं माप काढलंय. शेजारणीनं तेच तुला सांगितलं. म्हणजे सगळे खरं बोलले आणि भांडण झालं ते झालंच.

शेवटच्या भिंतीवर एक ओळ आहे: 'माझ्या दारापासून आईच्या दारापर्यंत'. पुढं काही नाही. मी म्हटलं, चंद्र मोजलास आणि हे हाताशेजारचं राहिलं? म्हणाली, "होतं लिहिलेलं. आईनं फोन ठेवला त्या संध्याकाळी पुसलं. आता किती झालंय ते मला माहीत नाही." मी खिशातली टेप उगीच उलगडली आणि गुंडाळली.

असो. प्रदर्शनाचा अर्थ विचारशील तर मला कळलेला नाही. माती कशासाठी, भोकं कशासाठी, काही विचारू नकोस. पण तुझं माप काढलंय हे खरं, आणि असं कुणी माझं काढलं असतं तर मी गावभर मिरवलो असतो.

तुझा,
धाकटा

ता. क. पोरीनं तुझी वीत आठवणीवरून धरली आहे. मी तिला बजावलं, तुझ्या आईच्या वितीवर जाऊ नकोस, तिनं मोजून आणलेलं कापड मला दर वेळी अपुरं पडलंय, तुझी पृथ्वीही तोकडी निघायची. तरी तिला खरी वीतच हवी आहे. कपड्यांच्या निमित्तानं गुपचूप माप आण म्हणाली. पण वीत लागते असा कपडा मला तरी शिवता येत नाही, म्हणून उघड लिहितो. या कागदाच्या पाठीवर पंजा ताणून ठेव आणि कडेनं पेन्सिल फिरवून पाठव.

दुसरा ता. क. कागदाचं राहू दे. पाकिटात घडी पडली की वीत आखडेल. हातच घेऊन ये. प्रदर्शन रविवारपर्यंत आहे. त्या रिकाम्या जागेखाली तिनं खडू ठेवलाय. तू दारात उभी राहिलीस की ती तिथं शून्य लिहिणार आहे. हे तुला कळता कामा नये, अशी तिनं मला शपथ घातली आहे.