पांढरं वाळवण

३ एप्रिल, गुरुवार

अक्का आली. सकाळची ट्रॅव्हल्स. गव्हाचं पोतं, पितळी सोऱ्या, पत्र्याचे रिकामे डबे. रेखाची थोरली बहीण, वणीकडे कोळशाच्या खाणीकाठच्या गावात दिलेली. दर एप्रिलला वर्षाचं वाळवण घालायला आमच्या बजाजनगरच्या गच्चीवर येते. तिकडे उघड्यावर पांढरं काही वाळत नाही. सकाळी घातलेली कुरडई संध्याकाळी करडी होते आणि तळून खाल्ली तरी दाताखाली कचकचते.

यंदा मारोतराव बरोबर. माझे साडू. खाणीत शॉवेल चालवतात. डंपर भरायचं ते मोठं यंत्र. सुट्टी काढून कधी न आलेला माणूस. "कावळे हाकलायला आणलंय," अक्का म्हणाली. ते हसले, हसताना खोकला लागला, बाथरूममध्ये गेले. नळ पूर्ण सोडला. नळाच्या आवाजाखालून खोकला येत राहिला.

नंतर स्वयंपाकघरात अक्काने रेखाला खरं कारण सांगितलं. खोकला दिवाळीपासून आहे. तिथे दाखवत नाहीत. इथल्या छातीच्या डॉक्टरला दाखवायचं. त्यांना हे ठाऊक नाही. ठाऊक असतं तर गाडीत बसले नसते.

संध्याकाळी गहू भिजत घातला.

४ एप्रिल, शुक्रवार

मारोतराव खिडकीच्या कट्ट्यावरून बोट फिरवतात आणि बोट बघतात. प्रत्येक खोलीत. सवय असावी. बोट स्वच्छ निघालं की किंचित नाराज झाल्यासारखे दिसतात.

जेवताना खाणीबद्दल बोलले. मी विचारलं म्हणून. जमीन गेली तिच्या बदल्यात नोकरी लागली, तेव्हा वय विशीतलं. बापाने ज्या वावरात तूर घेतली, त्याच वावराखालचा कोळसा यांनी आपल्या हाताने काढला. हे त्यांनी भात कालवत सांगितलं, दुःख म्हणून नाही, माहिती म्हणून. कोळशाचा थर उघडा पडतो तेव्हा उन्हात चमकतो म्हणाले. "आरशावानी. मले तं अजूनबी पाहावंच वाटते."

वर पंखा. त्याच्याकडे बोट करून म्हणाले, "आमी हावो, म्हणून हा फिरते."

रेखा म्हणाली, दाजी, मग बिल तुम्हीच भरा. खूप हसले. मग पुन्हा नळ.

५ एप्रिल, शनिवार

गव्हाचं पाणी बदललं. अक्का वास घेऊन सांगते, उद्या वाटायचा. आंबट वास सगळ्या घरात. रेखा सेकंड शिफ्टला गेली. मी उत्तरपत्रिका तपासत बसलो, अक्का समोर लसूण सोलत.

तिला विचारलं, खाण नसती तर बरं झालं असतं का. तिने वर पाहिलं नाही. विहीर आटली म्हणाली, खाणीतलं पाणी पंपाने उपसतात त्याने. दुपारी सुरुंग लागतो, भिंतीला चीर पडते, दर पोळ्याला बुजवतो, परत पडते. गावामागे काढलेल्या मातीचा डोंगर आहे, सूर्य त्याच्याआड लवकर जातो. मग पुढची पाकळी हातात घेत: "पण सर, पोरगा इंजिनिअरिंगला गेला तो खाणीच्याच पगारावर. गावात किराणा हाय, दवाखाना हाय, पक्का रस्ता हाय. नाय कुणाला म्हणू?"

तक्रार आणि उपकार एकाच स्वरात. मी वर्गात इतकी वर्षं शिकवतो, मला असं एक वाक्य...

६ एप्रिल, रविवार

गहू वाटला, गाळला, चीक बसायला ठेवला.

दुपारी नितीनचा फोन. अक्काचा मुलगा. इंजिनिअरिंगचा डिप्लोमा झालाय, पुण्याला एका कंपनीत कंत्राटावर होता, सुटलं, आता गावी आहे. स्पीकर चालू होता. बाबांची तब्येत विचारली, मग म्हणाला, साहेब लोकांशी बोलून ठेवा ना. मारोतरावांनी फोन उचलून गॅलरीत नेला. काय बोलले कळलं नाही. परत आले ते कट्ट्यावरून बोट फिरवत.

७ एप्रिल, सोमवार

पहाटे गच्चीवर चूल. अक्काने चीक घाटला. मोठं पातेलं, लाकडी दांडा, तिचे दंड. घट्ट होत आला की दांडा हलत नाही, तिथे ती सगळं अंग टाकते आणि चेहरा मात्र निवांत. मी मदतीला हात लावला, दोन फेऱ्यांत सोडला. "ऱ्हाऊ द्या सर, पेपर तपासा." एक वाटी गरम चीक, तेल आणि साखर. असं काही वर्षातून एकदाच खायला मिळतं, तेच बरं.

सूर्य वर येईतो गच्ची कुरडयांनी भरली. एकसारख्या, एकही तुटकी नाही. उजेड खालून वर येत असल्यासारखा. तिने कमरेवर हात ठेवून पाहिलं. कलावंत असंच पाहतात, पण ते हात कमरेवर ठेवत नाहीत.

मारोतराव राखणीला, छत्री आणि काठी घेऊन. अक्का, रेखा खाली झोपल्या. मी पेपर.

दुपारी कंपनीचा भोंगा झाला, शिफ्ट बदलायचा. रोज होतो, आम्हाला ऐकूही येत नाही. थोड्या वेळाने जिन्याचं दार आतून लावल्याचा आवाज. जाऊन पाहिलं. मारोतराव जिन्यात, शेवटच्या पायरीवर, कानांवर हात ठेवून बसलेले. मला बघून हात काढले.

गच्चीवर सगळ्या कुरडया प्लॅस्टिकच्या ताडपत्रीखाली. चारही कोपऱ्यांवर विटा. नीट, घाई न दिसणारं काम. त्यांच्या गावी याच सुमाराला भोंगा होतो, मग सुरुंग, मग धूळ. सगळं गाव वाळवण, पाणी, अंथरुणं झाकतं आणि आत जातं. त्यांनी झाकलं.

"काढा आता," मी म्हटलं. ते म्हणाले, "थांबा, धूळ बसू द्या."

मग स्वतःच थांबले. आकाशाकडे पाहिलं. निळं.

ताडपत्री मी काढायला लागलो तेव्हा उशीर झालेला. ओल्या कुरडया उन्हात वाफाळल्या होत्या, एकमेकींना चिकटलेल्या, बसलेल्या.

अक्का वर आली. मला वाटलं चिडेल. चारदोन कुरडया उलटून पाहिल्या. मारोतरावांकडे पाहिलं. कुरडयांपेक्षा त्यांच्याकडे जास्त वेळ.

"परत भिजवू," म्हणाली.

८ एप्रिल, मंगळवार

शेजारच्या गच्चीवरून शिंदेकाकूंनी विचारलं, पाऊस येणार होता का हो काल? अक्का म्हणाली, व्हय, आमच्याकडला. काकू हसल्या, अक्काही.

रात्रीच्या जेवणानंतर तिने त्यांना सरळ सांगितलं: डॉक्टरकडे जायचंय, त्यासाठीच आणलंय. मी उठून जाऊ लागलो, मारोतराव म्हणाले, बसा साडभाऊ. मग एकदम:

"मले आजार हाय हे मले समजते. कागदावर नको. कागदावर आला तं मले अनफिट करतीन, अन् माह्या जागी नितीनले घेतीन. त्याले तेच पायजे. मले नाई."

हे कारण आम्हा कुणाच्याही डोक्यात नव्हतं. अक्काच्याही. खोकला लपवत होते तो नोकरी टिकवायला, असंच आम्ही धरून चाललो होतो. नोकरी टिकवायचीच होती. पण ती मुलाला मिळू नये म्हणून. स्वतः यंत्रावर बसून, दाराला पाठ लावून बसल्यासारखे.

अक्का भांडी गोळा करत होती. थांबली. तिचं वाक्य जसंच्या तसं:

"पोराला नाय म्हणायचंय तर तोंडानं म्हणा. छातीला कशाला कामाला लावता?"

मारोतरावांनी आज नळही सोडला नाही. आमच्यासमोर खोकले.

१० एप्रिल, गुरुवार

गेलो. शहागंजच्या अलीकडे दवाखाना, जिना अरुंद, गर्दी. बाकावर शेजारी एक म्हातारे गृहस्थ, मेंदी लावलेली दाढी, तसाच खोकला. मारोतरावांना विचारलं, काय काम करता. कोळसा, म्हटल्यावर मान डोलावली. "हम रुई पिंजते थे, मियां. तुम्हारा काला, हमारा सफेद. खांसी एकच हाय." मारोतराव इतके मोकळे हसले की कंपाउंडरने आतून डोकावून पाहिलं. मग दोघे कामाबद्दल बोलत राहिले, कोणाचं यंत्र किती आवाज करायचं वगैरे. आमचा नंबर आला तेव्हा उठायला तयार नव्हते.

डॉक्टर तरुण बाई. एक्स-रे उजेडाच्या काचेवर लावला. ठिपके दाखवले, वरच्या बाजूला जास्त. कोळसा फोटोत पांढरा दिसतो. अक्का त्या पांढऱ्याकडे बघत राहिली, नजर हलवली नाही.

आणखी तपासण्या लागतील. आलेलं जाणार नाही. वाढू न देणं हातात आहे, धूळ सुटली तर. मारोतरावांनी विचारलं, निवृत्तीपर्यंत चालन काय. डॉक्टर म्हणाल्या, धुळीत नाही. आवाज चढवला नाही, दोनदा सांगितलं. मग वहीतून डोकं वर करून विचारलं, तुम्हाला कोणी आणलं इथे. त्यांनी अक्काकडे हनुवटीने दाखवलं. "हिनं. कावळे हाकलाले."

एक्स-रेचं मोठं पाकीट अक्काच्या हातात. बसमधून उतरल्यावर तिने वाटेत नवं प्लॅस्टिक घेतलं.

१२ एप्रिल, शनिवार

दुसरा घाणा. पुन्हा पहाटे चूल, पुन्हा तेच पातेलं. कंटाळा नाही, सूडही नाही. पहिल्या वेळेपेक्षा बारीक पडल्या आहेत कुरडया, असं रेखा म्हणते; मला सारख्याच दिसतात.

दुपारी मीही गच्चीवर बसलो, पेपर घेऊन. भोंगा झाला. मारोतरावांचा हात ताडपत्रीकडे गेला, तिथेच राहिला. मग त्यांनी काठी उचलली आणि नसलेल्या कावळ्याला हाकललं. मी पेपरात डोकं घातलं.

संध्याकाळी अक्काने एक कुरडई उचलून मला दाखवली. टोकाला काळा कण. नखाने काढला, अंगठ्यावर चोळला. पलीकडच्या कंपनीच्या धुराड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "इथं बी येतंय की हो." पुढच्या वर्षी कुठे जायचं, ते विचारलं नाही.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. सकाळी सगळे विहारात. अक्का पांढऱ्या साडीत. ही साडी तिकडे ती कपाटातच ठेवते म्हणाली, इथे चांगली चालते. संध्याकाळी मारोतराव मिरवणुकीबरोबर चौकापर्यंत चालले, निळी टोपी, ढोलावर हातवारे. परत येताना मध्येच टपरीच्या बाकावर बसले. मी पाणी आणलं. म्हणाले, पायाने थकलो नाही, हवेने थकलो.

मग, मिरवणूक बघत: माझा बाप जमीन द्यायला तयार नव्हता, म्हणाले. मीच म्हणालो देऊ, मले यंत्र चालवायचं होतं. नितीनचं वय तेव्हाचं माझंच.

"त्याले काय सांगू, साडभाऊ? मले कोणी सांगितलं असतं तं मी ऐकलं असतं काय?"

ढोल जवळ आला होता, ते बरं झालं.

१६ एप्रिल, बुधवार

गेले. डबे भरले: कुरडया, पापड, खारोड्या. अक्काने थोड्या आमच्यासाठी काढून ठेवल्या, फडक्यावर, निवडलेल्या.

स्टँडवर पाकीट तिच्या काखेत. गाडी आली तेव्हा मारोतरावांनी हात पुढे केला. अक्का डबा देईल असं वाटलं. त्यांनी पाकीट घेतलं. खिडकीत बसले, मांडीवर पाकीट, त्यावर दोन्ही हात. शॉवेलवर असेच बसत असतील.

घरी आल्यावर रेखाने गच्ची झाडली. सोऱ्या इथेच राहिलाय. विसरली की ठेवला, रेखाला सांगता येईना. अक्का काही विसरत नाही.

१८ एप्रिल, शुक्रवार

दुपारी अक्काचा फोन. पोचल्याचं काल कळवलंच होतं. आज ड्यूटी? नाय गेले. सकाळी नितीनला घेऊन निघाले, मातीच्या डोंगराकडे, पायी. काय म्हणून, ते सांगितलं नाही. दोघं जेवायला आलेले नाहीत.

पाकीट? मी विचारलं.

"फळीवर होतं, आता नाय. पायलं मी."

तेवढ्यात तिच्या मागे भोंगा. फोनमधूनही मोठा. "थांबा सर, झाकून येते," आणि फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज. दार, भांडं, पुन्हा दार. मग काही वेळ काहीच नाही. मग लांबून, जमिनीतून आल्यासारखा एक आवाज. इथे टेबलावर कुरडयांचं फडकं तसंच होतं.

ती परत आली. मी विचारलं, आले का दोघं.

"नाय अजून," म्हणाली. "दार उघडंच ठेवलंय आज. येऊ दे धूळ."