फिनलंडचं गाणं आणि बाबांचा आवाज

हुडकेश्वर, नागपूर
२३ मार्च २०२५

प्रिय बाबा,
सप्रेम जयभीम.

आई बरी आहे, मीही बरी. अकरावीचे दोन पेपर उरलेत. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा पत्र लिहिते आहे. काटोलला आत्याकडे संत्री खाऊन तब्येत सुधारली असेल.

तुमच्या गायन पार्टीचे ढोलकीवाले मार्तंडकाका रोज विचारतात, "काहून वं पायल, बाप कवा येऊन राहिला?" चौदा एप्रिलला तुमच्या जागी मी गावं असं सगळ्यांनी ठरवलंय. मी नाही म्हटलं. का, ते पुढे सांगते.

आधी भांडणाचं. मेटल, ते कर्कश गिटारींचं, घसा खरवडून गायलेलं संगीत, मी आठवीपासून ऐकते. ते तुम्ही चालवून घेतलंत, पोरीचं इंग्रजी सुधारेल म्हणून. मग जानेवारीत मला ते फिनलंडचं गाणं सापडलं. एक शब्द कळत नव्हता, तरी दिवसातून दहादा ऐकायचे आणि दोनदा तरी रडायचे. घशाच्या ऑपरेशनपासून तुम्ही सगळं वहीवरच लिहून सांगायचात. तसंच लिहिलंत, 'अर्थ काय?' मी म्हटलं, माहीत नाही. तुम्ही लिहिलंत, 'न समजता कशालाही मान डोलवायची नाही. बाबासाहेबांनी आपल्याला हेच शिकवलं.'

त्यावर मी जे बोलले त्याची माफी मागणार नाही. मी एवढंच आठवून दिलं, की पाच वर्षांची होते तेव्हा विहारात तुम्हीच मला पालीतलं त्रिशरण शिकवलंत. अर्थ विचारला तर म्हणालात, "म्हण आधी, समजन हळूहळू." मी ते तसंच म्हणत गेले, कारण तुमच्या आवाजावर माझा विश्वास होता. अर्थ मागाहून आला.

त्या गाण्याचा अर्थही नंतर शोधला. मला वाटलं होतं युद्धाचं असेल. बर्फात हरवलेल्या गायीचं निघालं. पण रडत होते ते बरोबर जागी.

या भांडणावरून तुम्ही रुसून गेलात, असं मी आईला आणि काकांना सांगितलंय. ते खोटं आहे.

त्याच संध्याकाळी तुम्ही दारात येऊन मला हाक मारलीत. डॉक्टर कधीपासून बोला म्हणत होते, तुम्ही दोन महिन्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलंत आणि "पायल" म्हणालात. तो आवाज मला ओळखू आला नाही. मी घाबरले. हेडफोन कानाला लावून भिंतीकडे तोंड केलं. तुम्ही ते पाहिलंत, आणि सकाळी काटोलची बस धरलीत.

बाबा, ते माझं चुकलं. असले खरखरीत आवाज मी हौसेनं ऐकते, ते काढायला मेटल गाणारी पोरं वर्षानुवर्षं घसा फोडून घेतात, आणि स्वतःच्या बापाच्या आवाजाला मी भ्याले. मला लाज वाटते. पण वीस वर्षं वस्त्यावस्त्यांत गायलेला माणूस एका हाकेवर हार मानतो, हेही मला पटलेलं नाही.

म्हणून तुमच्या जागी मी गाणार नाही. ती जागा रिकामी झालेली नाही. मी शेजारी बसेन, गाईन, पण प्रत्येक गाण्याआधीचं निवेदन तुम्ही करायचं, याच आवाजात. लोक दचकले तर दचकू देत. मीही दचकले होते, मेले नाही.

उत्तर लिहून पाठवू नका, मी वाचणार नाही. फोन करा, आणि माझं नाव घ्या. या वेळी मी ऐकते आहे.

तुमचीच,
पायल