वाळूसाठीच्या चार चकत्या

अण्णा,

उद्या सकाळी आईला जहाजातून बोटीत उतरवायचं आहे आणि मला आत्तापासूनच भीती वाटतेय. हे दुसऱ्या कोणाला सांगवत नाही, म्हणून तुम्हाला लिहितेय. तुम्ही जाऊन दोन वर्षं होत आली, तरी अडचण आली की आधी तुम्हीच आठवता.

आपण दोघं गेलो होतो तेच लक्षद्वीपचं जहाज, ऑफिसची तीच प्रवास सवलत. वॉकरसुद्धा तुमचाच. आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यावर मी तो माळ्यावरून काढला. उंचीला फक्त दोन भोकं खाली घेतलाय.

त्याबरोबर त्या चार चकत्याही सापडल्या. आठवतात? वॉकरचे पाय वाळूत रुततील म्हणून खोडदला, आमच्या रेडिओ दुर्बिणीच्या वर्कशॉपमध्ये, साहेबांना विचारून मी लेथवर काढल्या होत्या. नायलॉनच्या, बशीएवढ्या. तुम्ही त्या पिशवीत घालून बेल्ह्याच्या बैलबाजारात मिरवल्या होत्या. "पोरगी तारे ऐकती, आन् बापाला बूट करती!"

त्यांना अजून वाळूचा एक कण लागलेला नाही.

चूक माझी होती. जहाज बेटापासून लांब उभं राहतं आणि बाजूच्या दारातून लहान बोटीत उतरावं लागतं, हे मला ठाऊक होतं. त्या वेळी टेप घेऊन मी दारात वाकले आणि खालच्या बोटीपर्यंतचं अंतर मोजलं. पंचावन्न सेंटिमीटर. मोडलेल्या खुब्याच्या माणसाला ते जमणार नाही, असं मी ठरवून टाकलं. हलत्या वस्तूचं माप एकदाच घेऊन चालत नाही, हे मी शिकले होते ना? मग तेव्हा कुठे गेलं माझं शिक्षण?

तुम्ही मात्र टेपकडे पाहिलंच नाहीत. बोट वर येत होती, खाली जात होती, तिच्याकडे बघत होतात.

"ही टेम्पोतनं बैल उतरवल्यागत गोष्ट हाये," तुम्ही म्हणालात. "टेम्पो बांधाला लावायचा, फाळका टाकायचा, आन् जनावराला वढायचं नाय. त्याचं त्याला पाय टाकू द्यायचा. बोट वर आली की मी टाकतो पाय."

"अण्णा, तुम्ही बैल नाही. नाही म्हणजे नाही."

केवढ्यानं बोलले मी! दोन खलाशी हात पुढे करून उभे होते. तुम्ही त्यांच्याकडे बघून हसलात. "बरं. आमचं साहेब म्हनतील तसं." मग दिवसभर डेकवर बसून बेटावरची माडांची रांग बघत राहिलात. मी शेजारी बसून पुस्तक वाचत होते. एकही पान उलटलं नाही.

भांडायचं होतं ना हो माझ्याशी! बाजारात एका बैलासाठी तास तास भांडायचात. माझ्यापुढे एवढ्या लवकर का गप्प झालात?

आणि पुढे जे केलंत, त्याचं काय करू? दशक्रियेच्या दिवशी तुमचे बाजारातले दोस्त रामभाऊ माझ्याजवळ आले. "ताई, तुमच्या चकत्या लई भारी व्हत्या म्हनं! पन्नास पावलं चालला गडी वाळूत. सगळ्या बाजाराला सांगितलं त्यानं."

दशांश चिन्ह चुकलं तरी मी लोकांना टोकते, अण्णा. त्या दिवशी रामभाऊंना टोकलं नाही.

तुम्ही आईलाही तेच सांगितलंत. मागच्या वेळी गुरांपायी ती घरी राहिली होती. तिला कळायला मार्गच नव्हता. आता ती केबिनमध्ये चकत्या मांडीवर घेऊन बसलीय आणि सारखी विचारतेय, "कुठनं चालले व्हते गं ते? मला तितंच न्हे."

"आधी बोटीत उतरायला हवं, आई. भीती नाही ना वाटत?"

"बैल भेतो. मी नाय भेत. तुझंच त्वांड बघ कसं झालंय."

आज दुपारी आधीच्या बेटावरचे लोक बोटीत उतरत होते, तेव्हा मी दारातून पुन्हा माप घेतलं. या वेळी चाळीस वेळा. बोट वर येते तेव्हा अंतर एका पायरीहूनही कमी असतं. तुम्हाला ते नुसतं बघून कळलं होतं. आकडे माझ्या बाजूचे आहेत, तरी धीर होत नाही. तिचा पाय घसरला तर? ऐन वेळी माझ्याच तोंडून परत "नाही" निघालं तर?

म्हणून तुम्हाला शब्द देते. समुद्र खवळला आणि खलाशी नको म्हणाले, तर परत फिरू. पण पहिलं "नाही" माझ्याकडून येणार नाही. मी आधी बोटीत उतरेन, हात पुढे करून उभी राहीन आणि तिला ओढणार नाही. तिचा तिला पाय टाकू देईन. वाळूवर पोचल्यावर पन्नास पावलं मोजेन, मोठ्यानं. एकावन्नाव्या पावलाला तिला खरं सांगेन, की अण्णा इथं आलेच नव्हते, मी येऊ दिलं नव्हतं.

तुमची,
सुनंदा