येशू सहाय म्हण

१ मार्च, शुक्रवार

बिनीतानं आज वर्गात मलाच प्रश्न विचारला.

नऊ मुलं, चर्चच्या मागची खोली, वीज गेलेली. लहान प्रश्नोत्तरी पाठ म्हणून घेत होते. प्रत्येक कलमानंतर मी विचारायचं, "याचा अर्थ काय?" — आणि त्यांनी सांगायचं. तीस वर्षं असंच चाललंय. शेवटी दृढीकरणाची प्रतिज्ञा आली. मरेपर्यंत या विश्वासात आणि या मंडळीत स्थिर राहशील का? "होय, देवाच्या साहाय्याने." नऊ जणांनी एका सुरात म्हटलं. मग बिनीताचा हात वर.

"दिदी, मरेपर्यंत याचा अर्थ काय?"

वर्गात ती मला आजी म्हणत नाही. तिच्या बापानं आणि आत्यानंही तिथं मला दिदीच म्हटलं. नियम माझाच.

"मरेपर्यंत म्हणजे मरेपर्यंत."

"मग अनिमा आत्यानं मोडलीच ना प्रतिज्ञा? आता तिचं काय होतं?"

एकही मूल हसलं नाही. आमच्या खुंटी गावात सगळ्यांना सगळं ठाऊक असतं. माझी मुलगी बारा वर्षांपूर्वी कोलेबिराच्या इग्नेस बारलाशी लग्न करून कॅथलिक झाली, आणि तेव्हापासून आमच्या घरात तिचं नाव निघत नाही.

मी म्हटलं, पुढचं कलम. पुढचं कलम कोणतं ते मलाच आठवेना.

३ मार्च, रविवार

गुडघा दुखतोय. चर्चला गेले. प्रवचनातलं काही लक्षात नाही.

५ मार्च

हेर्मन पाद्री घरी आला. "येशू सहाय, दिदी." "येशू सहाय." माझाच विद्यार्थी. दहा आज्ञांतली सातवी नेहमी विसरायचा, आता त्यावर प्रवचन देतो. काखेत बाप्तिस्म्याचं जुनं रजिस्टर. चहा नको नको म्हणत दोन कप प्यायला.

झावळ्यांच्या रविवारी दृढीकरण. आमच्याकडे धर्ममाता मुलाच्या मागं उभी राहते आणि प्रतिज्ञा होईपर्यंत उजवा हात त्याच्या खांद्यावर ठेवते. बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाला तोंड नसतं, त्याच्या वतीनं ती बोललेली असते. आता ते स्वतः बोलतंय हे ऐकायला ती हवी. जर्मन पाद्र्यांच्या वेळेपासूनची रीत आहे. हेर्मननं रजिस्टर उघडून एका ओळीवर बोट ठेवलं. बिनीता तोपनो. धर्ममाता, अनिमा तोपनो. खाली तिची सही, 'अ' ची शेपटी लांब ओढलेली. त्या शेपटीसाठी मी तिला किती वेळा दटावलं असेल!

"दुसरं नाव घाल," मी म्हटलं.

"रजिस्टरात खोडाखोड करायची नाही. तुम्हीच शिकवलंय."

"ती आपली राहिली नाही आता."

"मंडळीत नाही. पण दिदी, खांद्यावर हात ठेवायचाय. हाताला काय कॅथलिक नि काय लुथरन?" मग कपात बघत म्हणाला, "पोरगी हट्टी आहे. कोणावर गेली ते मी कशाला सांगू."

९ मार्च

सून सुचिता म्हणाली, "माझी बहीण राहील उभी. साडी पण आहे तिच्याकडे."

बिनीता म्हणाली, "मावशी बोलली होती का माझ्यासाठी? नाही. मग खांदा रिकामा ठेवीन."

"लोक बघतील."

"बघू देत."

नेलसन गप्प. माझा मुलगा गप्प बसण्यात हुशार. शेवटी म्हणाला, "आयोला विचारा." आयो म्हणजे आई; सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी तांदूळ निवडत होते, निवडत राहिले. खडे संपले तरी.

१० मार्च, रविवार

लिहून टाकते. बारा वर्षं लिहिलेलं नाही.

एप्रिलचा शेवट होता. अंगणात मोहाची फुलं वाळत घातली होती, मी ती परतत होते. फाटक वाजलं. अनिमा, लाल काठाची पांढरी साडी, मागे इग्नेस, चपला हातात धरून उभा — घाबरून काढल्या असाव्यात. तिच्या हातात मडकं. गुळाचा वास आला म्हणजे अरसे असणार, तांदूळ-गुळाचे तळलेले. लग्नाला मी गेले नव्हते. तिकडे त्यांच्या पाद्र्यासमोर तिनं कबूल केलं होतं की मुलं कॅथलिक होतील. ज्या वेदीसमोर मी तिच्याकडून प्रतिज्ञा पाठ करून घेतली — शब्द न् शब्द, एकदाही न अडखळता — ती मागे टाकून.

ती म्हणाली, "येशू सहाय, आयो."

आमच्यात कुणी येशू सहाय म्हटलं की समोरच्यानं तेच परत म्हणायचं. एवढंच. शत्रूलासुद्धा. बांधावरून ज्यानं माझ्या वडिलांवर खटला भरला, तो बाजारात दिसला की वडील थांबून उत्तर द्यायचे, मग पुढे जायचे. न बोलता गेलं म्हणजे समोरचा माणूस मेला असं सांगण्यासारखं.

मी हात झटकले आणि घरात गेले.

आतून ऐकत होते. बराच वेळ फाटक वाजलं नाही. मग वाजलं.

११ मार्च

ते मडकं तिनं परत नेलं का? कुणाला विचारणार.

१५ मार्च

झोप नाही. सकाळी बिनीता मोह वेचायला गेली, टोपली भरून आली, केसांत फुलं अडकलेली. दृढीकरणाचे पांढरे बूट घालून घरभर चालते, चावतात म्हणे. मला माझे बूट आठवले — बूट कुठले, कॉन्व्हेंटच्या काळ्या चपला, वर खडू फासलेला.

१९७३. रांचीला कॅथलिक सिस्टरांच्या वसतिगृहात मी एकटी लुथरन. त्या सगळ्या 'जय येशू' म्हणायच्या, मी हट्टानं 'येशू सहाय'. त्या हसून 'जय येशू' म्हणत पुढे जायच्या. दृढीकरणासाठी गावी जाऊन सोमवारी परत आले. स्वयंपाकघराच्या दारात सिस्टर क्लेमेन्सिया उभ्या होत्या. बेल्जियमच्या, चेहऱ्यावर कायम पीठ. माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "येशू साय, एलिसबा." ह त्यांना कधी जमला नाही. मग खिशातून दोन खजूर.

दुसऱ्या दिवसापासून पुन्हा 'जय येशू'. मी कधी विचारलं नाही, तो एकच दिवस का. त्या वारल्या तेव्हा मी रडले होते. पण फाटकात माझी पोर उभी होती तेव्हा त्यांची आठवण कशी आली नाही?

१८ मार्च

बिनीतानं अनिमाला स्वतःच कळवलंय. मला न विचारता. मी रागावले, पण त्यात जीव नव्हता. आज अनिमाचा नेलसनला फोन आला. तो ओसरीत जाऊन बोलला. परत आला, माझ्याकडे न बघता म्हणाला, "येते म्हणाली. आयोला चालणार असेल तर."

"मी काय म्हणाले होते नाही म्हणून?"

"काहीच म्हणाली नव्हतीस, आयो. तेच तर."

१९ मार्च

ती येणार.

२१ मार्च

सुचितानं विचारलं, अरसे इतके कशाला? मी म्हटलं, पाहुणे असतात. तांदूळ भिजवून, कांडून, गुळात मळून — हात भरून आलेत. अनिमाला कडेनं करपलेले आवडायचे. चार मुद्दाम करपवले.

काय बोलायचं ते कागदावर लिहिलंय. चार ओळी. वर्गात मुलांना सांगते तसं, मनात म्हणून बघितलं. पहिल्या ओळीवरच अडकते.

२३ मार्च, शनिवार

उद्या प्रभुभोजन पहिल्यांदा घेणार, म्हणून आज मुलांनी घरातल्या मोठ्यांची क्षमा मागायची. बिनीता गुडघ्यावर बसली. "आजी, चुकलं असेल ते माफ कर."

"मी माफ केलं, देवही करो."

उठली नाही. "मोठ्यांनी माफी मागायला कोणाकडं जायचं असतं, आजी?"

मी म्हटलं, जा, बूट पुसून ठेव.

२४ मार्च, झावळ्यांचा रविवार

आली. उशिरा, बस चुकली म्हणून. नऊ मुलं वेदीसमोर रांगेत, आठ खांद्यांवर हात, बिनीताचा एकटाच रिकामा. पहिल्या बाकावरून मला तेवढंच दिसत होतं. मग मागून चपलांचा आवाज. पांढरी साडी, लाल काठ. केस पिकलेत. एकोणचाळिसाव्या वर्षी इतके? तिनं हात ठेवला. बिनीतानं मागे बघितलं नाही, पण तिची पाठ हलली.

हेर्मननं एकेकाला विचारलं. बिनीताची पाळी आली तेव्हा ती गप्प राहिली. इतका वेळ की मागे कुणीतरी खाकरलं. माझे ओठ हलत होते, तीस वर्षांची सवय. मग तिनं हळू म्हटलं, "होय." आणि मोठ्यानं, "देवाच्या साहाय्याने." इतर मुलं एका दमात म्हणतात. तिनं तोडून म्हटलं.

नंतर आवारात सगळे हात मिळवत होते. येशू सहाय, येशू सहाय. मी आंब्याखाली उभी. कागद पदराला बांधलेला. ती सरळ माझ्याकडे आली. हात पुढे केला, डावा हात उजव्या कोपराला लावून, मोठ्यांपुढे करतात तसा. डोळे भरलेले.

"जय येशू, आयो."

आणि मी म्हटलं, "येशू सहाय म्हण."

असं कसं म्हटलं मी? वर्गातला आवाज होता तो. चूक ऐकली की आपोआप निघणारा. तो बाहेर पडला आणि मलाच ऐकू आला. राग नव्हता त्यात, देवाशपथ नव्हता. पण तिला कसं कळणार.

तिचा हात थोडा वेळ तसाच राहिला. मग तिनं मागे घेतला.

"चुकलं, दिदी," ती म्हणाली.

आयो नाही. दिदी.

बिनीताला जवळ घेतलं, कपाळाला ओठ टेकवले आणि दोनच्या बसनं गेली. अरसे फडक्यात बांधून ठेवले होते. तसेच आहेत.

२५ मार्च

बिनीता माझ्याशी बोलत नाही. करपलेले चार अरसे मीच खाल्ले. गोड लागले नाहीत.

२६ मार्च

कागदावरची पहिली ओळ: अनिमा, माफ कर.

२७ मार्च, बुधवार

बिनीता शेवटी बोलली. मी कपडे वाळत घालत होते, ती चिमटे देत होती.

"आत्याचं चुकलं नव्हतं, आजी."

"ठाऊक आहे."

"नाही ठाऊक. तुला वाटतं ती विसरली, की मुद्दाम म्हणाली. बसपर्यंत मी सोडायला गेले ना, तेव्हा सांगत होती. सगळ्या वाटेवर 'येशू सहाय, येशू सहाय' घोकत आली होती. तू वर्गात घोकून घ्यायचीस तसं. मग तुला बघितलं आणि घोकलेलं सगळं गेलं. घरी रोज जे म्हणते ते तोंडातून निघालं."

मी चिमट्यासाठी हात पुढे केला, तिनं दिला नाही.

"घरचं म्हणून म्हणाली ती," बिनीता म्हणाली. "आणि तू गुण कापलेस."

मी ओल्या चादरीमागे तोंड केलं. पोरगी गेली नाही. म्हणाली, "तिला एक मुलगी आहे. सहा वर्षांची. नाव सांगू?"

मी मान हलवली.

"एलिसबा."

२८ मार्च

इतकी वर्षं ती मुलीला माझ्या नावानं हाक मारतेय. दिवसातून किती वेळा? जेवायला, अंघोळीला, अभ्यासाला. रागावूनही मारत असेल.

२९ मार्च, शुभ शुक्रवार

चर्चमध्ये तीन तास. बाहेर येताना हेर्मन म्हणाला, "दिदी, रविवारी पहाटे कब्रस्तानात गाणं तुम्हीच उचलायचं, नेहमीसारखं." एकवीस वर्षं मीच उचलते. नेलसनच्या बाबांच्या क्रुसाजवळ उभी राहून.

मी म्हटलं, "यंदा सुचिता उचलेल."

"आणि तुम्ही?"

"मला बस आहे."

त्याच्याजवळ रजिस्टर असतं तर उघडून बोट ठेवलं असतं.

३१ मार्च, ईस्टर — कोलेबिरा

काल दुपारी पोचले. फाटकाला मडकं उलटं टांगलेलं, चिमण्यांसाठी. तेच मडकं, गळ्याला माझ्याच हातची निळी दोरी. आमच्याच घरातून नेलेलं मडकं तिनं त्या दिवशी अरसे भरून आणलं होतं, मी ते नीट बघितलंही नव्हतं. अंगणात एक पोर हॉकीच्या काठीनं लिंबू टोलवत होती. मला बघून थांबली, ओळख ना पाळख.

"जय येशू," तिनं म्हटलं.

"जय येशू," मी म्हटलं.

आत भांडी घासण्याचा आवाज थांबला.