वाढत्या अंगाची सॅक

ती. आईस,

वाकून नमस्कार. दिवसभर मशीनवर बसून पाठ सरळच होत नाही, त्यामुळे वाकणं सोपं गेलं.

मी मजेत आहे. कडे चढणाऱ्यांच्या आणि बर्फावरून घसरत उतरणाऱ्यांच्या सॅक शिवतेय. परवा एका सॅकच्या पाठीला सवयीनं दोन बोटं जास्तीचं कापड आत दुमडून ठेवलं.

"हे कशाला?" मालकीणबाईंनी विचारलं.

"वाढत्या अंगाला."

"अगं, गिऱ्हाईक पन्नाशीचं आहे!"

सगळे पोट धरून हसले. तुझ्याकडे शिकलेला हात दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही.

जाड शिवण पाठीला घासते, म्हणून उसवली. पण या कापडात सुईची भोकं बुजत नाहीत, त्यातून पाणी शिरतं. सगळी पाठ नव्यानं कापली. फार दमले गं.

तुझ्या डोळ्यांचं काय? सुई कोण ओवून देतं? बाबा जिना सावकाश उतरतात ना?

तुझीच,
धाकटी

ता. क. तू पाठवलेला ड्रेस छान बसला. फक्त दोन्ही बाजूंनी दोन-दोन बोटं आत घ्यावा लागला. कापड कापलेलं नाही, आतच ठेवलंय. घरी आले की तूच उसव.